आधी मथुराला

१

आमच्या घरात नवी साडी आली की ती आधी मथुराला दाखवायची असते.

मथुरा म्हणजे माझी सवत. मी तिला कधी पाहिलेलं नाही. माझं लग्न ठरायच्या आधीच ती काविळीने गेली होती. लग्नाच्या दिवशी माझ्या सासूबाईंनी, गोदाबाईंनी, मंगळसूत्रापाठोपाठ माझ्या गळ्यात काळ्या गोफात ओवलेला एक चांदीचा टाक घातला. बोटाच्या पेराएवढा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेली एक उभी बाई. पहिली बायको वारली की दुसरीने तिचा टाक गळ्यात बाळगायचा, म्हणजे गेलेलीचा मान राहतो आणि राहिलेलीचा संसार, अशी रीत. नवी साडी आधी टाकाला टेकवायची, मग नेसायची. सणाचा पहिला घासही तिचा.

मी विश्रांतवाडीत वाढलेली, शाळेत विज्ञान शिकवणारी. माझ्या मैत्रिणी हसल्या होत्या. मी त्यांना म्हणायचे, जिवंत सवतीपेक्षा चांदीची बरी, निदान फोडणीत नाक खुपसत नाही. पण खरं सांगायचं तर मला ती हळूहळू आवडायला लागली. तेहेतीस वर्षं मी तिला साड्या दाखवल्या, पुरणपोळीचा पहिला तुकडा दिला, परीक्षेचे पेपर तपासताना अंगठ्याने तिला चोळत बसले. चोळून चोळून तिचं नाक-तोंड पार झिजून गेलं होतं.

सासूबाईंनी एकच गोष्ट निक्षून सांगितली होती. "कवा उतरवलास तर देव्हाऱ्यात ठिव. हिंदूच्या हातात देऊ नगंस." हिंदू म्हणजे त्यांचा मुलगा हिंदुराव, माझे यजमान. मला वाटलं, पुरुषांच्या हातात दिलेली वस्तू पुन्हा सापडत नाही, म्हणून म्हणत असतील. अनुभवही तसाच होता.

२

वाघोलीत आमची शेती होती. तिथे आता टॉवर उभे आहेत आणि त्यांना इटलीतल्या गावांची नावं आहेत. आम्ही एक कोपरा राखला. त्यात घर, मागे अंगण आणि अंगणात कमळं लावलेलं एक छोटं तळं. मुलगी ऋतुजा बंगळूरला नोकरीला. मी यंदा निवृत्त झाले. आता दोघं मिळून निवांत राहायचं, एवढीच माझी अपेक्षा होती. फार नव्हती.

श्रावणात एक दिवस हिंदुराव फोन घेऊन स्वयंपाकघरात आले. कुठल्याशा बंगल्याच्या बागेत लाकडी चाक पाण्यावर फिरत होतं, त्याचा व्हिडिओ होता.

"बाई, असं चाक करायचं आपल्या तळ्याला."

ते मला बाई म्हणतात. शाळेतली मुलं म्हणायची तसं. आणि अहो-जाहो करतात. आमच्या भावकीतल्या बायकांना त्याचं फार अप्रूप. बायकोला तुम्ही म्हणणारा शेतकरी वाघोलीत दुसरा नव्हता. मीही त्या मानावर खूश होते.

"कशाला?" मी म्हटलं. "तळ्यातल्या माशांना दळण दळायचंय?"

ते हसले नाहीत. "शोभंला," म्हणाले.

आणि कामाला लागले. हा माणूस घरातला बल्ब बदलायला वायरमन बोलावणारा. पण चाकासाठी त्यांनी कुणालाच बोलावलं नाही. अंगणाच्या टोकाला पत्र्याची खोली आहे, तिला कायम कुलूप असतं. आत जुनी अवजारं आहेत, विंचूकाट्याचं जाऊ नका, असं मला पहिल्या वर्षीच सांगितलेलं. तिथून ते एकेक फळी काढून आणत. मी फळी धरायची, त्यांनी करवत चालवायची. मी खिळा धरायचा, त्यांनी ठोकायचा. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम. मला खोटं बोलता येत नाही. त्या दिवसांत मी सुखात होते.

फळ्या मात्र अजब होत्या. एकीला एका बाजूने अर्धगोल. एकीच्या कडेला पितळेच्या बारीक फुल्या. एकीला कडीचं भोक.

"कुठलं लाकूड हे?"

"वखारीतलं."

"वखारीत फुल्या ठोकून देतात वाटतं हल्ली."

"जुनं सागवान हाय, बाई. धरा नीट."

मी नीट धरलं.

३

गणपती उठले आणि चाक तळ्यावर चढलं. उंचीला माझ्या कमरेएवढं. मागच्या दाराच्या पायरीपाशी पाण्याची टाकी होती, तिथून एक लाकडी पन्हळ उतरत चाकाच्या माथ्यापर्यंत नेली. पंप सुरू केला की तळ्यातलं पाणी टाकीत चढायचं, पन्हळीतून वाहत जाऊन पात्यांवर पडायचं आणि चाक फिरायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखं, डावीकडून उजवीकडे. पंपाचं बटण खिडकीशेजारीच. साधा सरळ मामला. सातवीच्या मुलांना दाखवावा असा.

पहिल्यांदा चाक फिरलं तेव्हा हिंदुरावांचे डोळे भरून आले. मला बाजूला उभं करून त्यांनी माझा फोटो काढला. लग्नानंतर त्यांनी हौसेने काढलेला हा पहिला.

"चष्मा काढू का?" मी विचारलं.

"राहू द्या. चष्म्यानंच वळखू येता."

मग माझ्या गळ्याकडे बघत म्हणाले, "टाक काळा पडलाय. पक्ष लागायच्या आत उजळून आणतो. रविवार पेठेत आमचा जुना सोनार हाय."

मी गोफ उतरवला आणि त्यांच्या हातात दिला. सासूबाई आठवल्या. पण सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि समोरचा माणूस माझ्याकडे बघून हसत होता.

दोन-चार दिवसांनी टाक परत आला. लखलखीत. रात्री अंगठ्याने चोळायला गेले तर बोटाला काहीतरी टोचलं. दिव्याखाली धरून पाहिलं. टाकावरच्या बाईला नाक होतं. डोळे, ओठ, नथ, सगळं कोरीव.

"अहो, हिला नाक कुठून आलं?"

"पॉलिश केलं की येतंय."

पॉलिशने झिजलेलं नाक परत येत असतं तर मी स्वतःलाच सोनाराकडे दिलं असतं. सोनाराने जुना टाक आटवून नवा केला असेल आणि हे सांगायला कचरत असतील, अशी मी समजूत घातली. वजनालाही तो हलका लागत होता.

४

पितृपक्षात अविधवा नवमी येते. नवऱ्यामागे न राहता सवाष्ण गेलेल्या बायकांचा तो दिवस. दरवर्षी मी मथुराच्या नावाने एका सवाष्णीला जेवायला बोलावते आणि तिची ओटी भरते. यंदाही शेजारच्या शेफालीला सांगून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी हिंदुराव म्हणाले, "यंदा बोलवू नका कुणाला."

"का? तिचा दिवस आहे."

"आता नको."

"आता म्हणजे?"

ते उठून तळ्याकडे गेले. नवमीच्या दुपारी स्वतः ताट वाढलं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "पहिला घास तुमचा." मी खाईपर्यंत ते उभे राहिले. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. म्हातारपणी नवऱ्याला बायकोची किंमत कळते म्हणतात, ते हेच असावं.

जेवण झाल्यावर आम्ही आडवे होतो. दुपारची झोप हा आमच्या घरातला अढळ नियम आहे. त्या दिवशी मला आवाजाने जाग आली. कर्र… टिण्. कर्र… टिण्. चाक फिरत होतं.

पंप बंद करायचा राहिला म्हणून मी उठले. हिंदुराव शेजारी नव्हते. स्वयंपाकघरात गेले. बटण बंद होतं.

खिडकीतून पाहिलं. कढीलिंबाचं पान हलत नव्हतं. चाक फिरत होतं, सावकाश, उलटं. उजवीकडून डावीकडे. प्रत्येक पातं तळ्यात बुडत होतं, पाणी घेऊन वर येत होतं आणि पन्हळीत ओतत होतं. पन्हळीला चाकाकडे उतार होता, मी स्वतः पाणसळ लावून पाहिला होता. आणि पन्हळीतलं पाणी घराकडे येत होतं.

पाणी चढावर जात नाही. हे मी आयुष्यभर शिकवलंय. मी दार उघडून बाहेर आले तसं चाक थांबलं. मागची पायरी चिंब ओली होती. पायरीवर हिंदुराव बसले होते, हातात टॉवेल.

"अहो, हे उलटं फिरत होतं."

"चाक हाय ते, बाई. फिरायचंच."

"पंप बंद आहे."

"मग वारं आसंल."

टॉवेल कशाला, हे मी विचारलं नाही. त्यांचे कपडे कोरडे होते. टॉवेल ओला होता.

५

माणसाची बुद्धी किती आज्ञाधारक असते बघा. दोन दिवस मी कारणं शोधत राहिले. पात्यात पाणी मुरून तोल बिघडला असेल. पन्हळ फुगून उतार पालटला असेल. वाऱ्याचं कारण तर यजमानांनी दिलंच होतं. तिसऱ्या दिवशी ते दूध आणायला गेल्यावर मी तळ्यावर जाऊन चाक नीट पाहिलं.

अर्धगोल कडेची फळी म्हणजे पोळपाट होता, उभा चिरलेला. लाटण्याच्या खुणा अजून दिसत होत्या. पितळी फुल्यांची फळी म्हणजे लग्नात बसायचा पाट. त्याचा जोडीचा भाऊ दोन पात्यांपलीकडे होता. कडीच्या भोकाची फळी लाकडी पेटीच्या झाकणाची. तिच्या आतल्या बाजूला, जिथे बायका टिकली काढून चिकटवतात, तिथे टिकल्यांचे गोल डाग होते.

माझ्या लग्नात मी वेगळ्याच पाटावर बसले होते. आणि मला सांगितलं होतं की मथुराचं होतं नव्हतं ते सगळं वाटून टाकलं. मी त्यावर विश्वास ठेवला होता. तेहेतीस वर्षं माझ्या नवऱ्याने तिचा पोळपाट कुलपात जपला, रोज त्या कुलपावरून जाऊन येऊन माझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्या. आणि तो पोळपाट चिरताना दुसरं टोक धरायला मला बोलावलं. मला त्या चाकाची भीती नाही वाटली, सरळ राग आला. रागाने रडू आलं.

डोळे पुसून मी चाकाचा मधला तुंबा पाहिला, जिथे सगळे आरे येऊन मिळतात. त्यावर लाकडी चकती बसवून खिळे मारले होते. मी चाक हाताने थोडं फिरवलं. आत काहीतरी सरकलं. टिण्.

चांदीचा आवाज मला ओळखता येतो. तो इतकी वर्षं माझ्या गळ्यात वाजत होता.

६

नवरात्रात मी एक दिवस बहिणीकडे विश्रांतवाडीला गेले. मनातलं कुणाला तरी सांगायचं होतं. जाऊन काय सांगणार? माझा नवरा त्याच्या मेलेल्या बायकोवर प्रेम करतो? बहीण म्हणाली असती, बरं आहे, जिवंतपणी कुठे करतात. मी नुसता चहा पीत बसले.

तेवढ्यात ऋतुजाचा फोन आला.

"आई, व्हिडिओ काय सुपर आलाय! बाबांनी आत्ता पाठवला. ते व्हील एकदम रिसॉर्टसारखं दिसतंय."

"बरं."

"आणि तू किती क्यूट दिसतेयस! हिरवी साडी कधी घेतलीस? फक्त केस पुस ना, किती पाणी गळतंय. आणि ऐक, चष्म्याशिवाय तू एकदम वेगळी दिसतेस. यंग. लेन्सेस घेतल्यास का?"

मी चष्मा काढून हातात धरला. का, ते माहीत नाही. समोरची बहीण धुरकट झाली.

"व्हिडिओ कधीचा आहे?" मी विचारलं.

"अगं आत्ताचा. पाच मिनिटं झाली."

"मला पाठव."

ती फोनमध्ये शोधायला लागली. मग म्हणाली, "अरेच्चा. बाबांनी डिलीट केला. सगळ्यांसाठी डिलीट केलाय. चुकून झालं असेल. मी सांगते परत पाठवायला."

"नको सांगूस," मी म्हटलं.

घरी पोचले तेव्हा दुपार टळत होती. पुढचं दार लोटलेलं. मागून हिंदुरावांचा आवाज येत होता, कुणाशी तरी हळू बोलल्यासारखा.

"अगं, घसरशील. जरा जपून. अगं, हळू."

तेहेतीस वर्षांत या माणसाने मला एकदाही अगं म्हटलेलं नाही. बाई म्हटलं, तुम्ही म्हटलं. लोक त्याला मान म्हणायचे, मीही म्हणायचे. नवरा घरातल्या बाईला अगं म्हणतो. परक्या बाईला तुम्ही म्हणतो. एवढी साधी गोष्ट मला दाराशी चपला काढताना कळली.

मी मागे गेले तर ते एकटेच होते. चाक स्थिर. पायरी ओली.

"कुणाशी बोलत होता?"

"मांजर आलं होतं."

"त्याला पायऱ्यांवरून घसरायची भीती असते?"

ते माझ्याकडे बघत राहिले. नजरेत राग नव्हता, चोरीही नव्हती. निरोपाला आलेल्या माणसाकडे बघतात तशी माया होती.

७

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी चालवत नाहीत, त्याला विसावा. सकाळी मी झेंडू आणायला मंडईत गेले. वाघोलीत झेंडू मिळतो, पण मला झेंडूसाठी जायचं नव्हतं. फुलांची पिशवी घेऊन मी रविवार पेठेत टाक करणारं ते दुकान विचारत विचारत शोधून काढलं.

दुकानात तात्याराव म्हणून एक वयस्क सोनार बसले होते. मी गळ्यातला टाक काढून पुढे ठेवला.

"आमच्याकडचाच," त्यांनी उलटा करून पाहिला. "नुकताच केलाय. वाघोलीचे ते उंच गृहस्थ."

"जुना आटवून केलात?"

"छे हो. जुना नुसता नमुन्याला आणला होता. तो त्यांनी परत नेला. काय झालं, काही खोट आहे का?"

"नाही. नाक छान आलंय."

ते हसले. "दुसऱ्याचं त्याहून छान आलंय."

"दुसरा कुठला?"

"एक हा जुन्यासारखा आणि एक नव्या घडणीचा. तो आज सकाळीच घेऊन गेले, दुकान उघडायच्या आत येऊन उभे. मिसेस वारल्या ना त्यांच्या." त्यांनी आवाज खाली आणला. "फार हळवे झाले होते. म्हणाले, पुष्कळ केलं तिनं घरासाठी, टाक चांगला झाला पाहिजे."

"मिसेस कधी वारल्या म्हणाले?"

"ते काही बोलले नाहीत. आपण कसं विचारणार? तुम्ही त्यांच्या कोण? बहीण का?"

पिशवीतल्या झेंडूचा वास माझ्या डोक्यात चढला होता.

"ओळखीची आहे," मी म्हटलं.

तात्याराव माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "मी कुठंतरी पाहिलंय तुम्हाला," ते म्हणाले. "अगदी अलीकडे."

८

रिक्षात बसल्यावर मला सांगता आलं असतं, विश्रांतवाडीला घ्या म्हणून. स्टेशनला घ्या म्हणून. बंगळूरला मुलगी होती. पण घर माझं होतं. तिथल्या भिंतींना मी पगारातून रंग लावला होता, तिथली कमळं मी लावली होती. दुसरी असले तरी बायको मी होते आणि जिवंत होते. जी गेली ती गेली. मी का जायचं? मथुराला तिसऱ्यांदा टाक करतात म्हणजे कहर झाला, आज याचा सोक्षमोक्ष लावायचा, असं मनाशी घोकत मी वाघोलीला उतरले.

घर शांत होतं. पंपाचं बटण बंद होतं. चाकाला हळदकुंकू लावलं होतं आणि माझ्या हातात झेंडूची पिशवी असताना त्याच्यावर झेंडूची माळ आधीच होती. माळेसकट ते फिरत होतं. विसाव्याच्या दिवशी. उलटं. कर्र… टिण्. पाणी पन्हळीतून घराकडे चढत होतं.

हिंदुराव न्हाऊन, नवा सदरा घालून पायरीपाशी उभे होते.

"मथुराचा टाक कुठाय?" मी विचारलं.

"तिचा तिला दिला."

"मला खोटा घातलात."

"हां."

"फळ्या धरायला मला लावलंत."

"तुमच्याबिगर झालं नसतं." त्यांनी चक्क हात जोडले. "बाई, तुम्ही लई केलं तिचं. सख्खी बहीण करत न्हाई एवढं. साडी दाखवली, घास दिला, तेहेतीस वर्सं कंटाळा केला न्हाई. मी रोज बघत होतो. आता ती करंल तुमचं."

हा माणूस माझे आभार मानत होता. मनापासून. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तर मला भांडता आलं असतं. मला जन्मात कुणी इतकं फसवलं नव्हतं, आणि फसवणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दुसरा टाक कुठाय?" मी विचारलं.

"देव्हाऱ्यात. बघा की. चांगला झालाय."

मी आत गेले. देव्हाऱ्यात समई लावलेली होती. तांब्याच्या ताम्हनात तांदूळ पसरले होते आणि तांदळावर काळ्या गोफात ओवलेला नवा कोरा टाक होता. शेजारी पुरणाचा नैवेद्य. पहिला घास मोडून टाकापुढे ठेवलेला. मी टाक उचलून समईजवळ धरला.

टाकावरच्या बाईला नथ नव्हती. केस मागे घट्ट बांधलेले. डोळ्यांभोवती कारागिराने दोन बारीक गोल कोरले होते आणि नाकावरून त्यांना जोडणारी एक दांडी. देवाधर्माच्या टाकावर चष्मा कुणी कोरत नाही. जिची ओळखच चष्मा आहे तिच्याच टाकावर कोरतात.

मागे चाक थांबलं.

पायरीवर काहीतरी ओलं टेकलं. मग आतल्या फरशीवर. पावलं हलकी होती, अवघडलेली, परक्या घरात पहिल्यांदा येणाऱ्या नव्या नवरीची. टपटप पाणी गळत होतं. नव्या साडीच्या खळीचा वास आला, तळ्याच्या शेवाळाचा वास आला. मला वळायचं होतं. मी वळले नाही. का वळले नाही ते मला माहीत नाही. समईच्या उजेडात माझा हात मला दिसत होता, आणि तो हलत नव्हता.

अंगणातून हिंदुरावांचा आवाज आला, तरुण माणसाचा असावा तसा.

"अगं, नेसायच्या आधी बाईंना दाखव!"

पावलं माझ्या पाठीशी येऊन थांबली. घडी मोडल्याची सळसळ झाली. एक ओला हात माझ्या खांद्यावरून पुढे आला, हिरव्या बांगड्यांचा, तळहात पाण्याने सुरकुतलेला. आणि मी तेहेतीस वर्षं जसं टेकवत आले तसंच, कुठे लागू नये म्हणून तितक्याच जपून, नव्या साडीचा काठ माझ्या चष्म्याला टेकवला गेला.